मणक्यातली काच

ताई पोचली तेव्हा घरचे सगळे हॉस्पिटलच्या एकाच कॉरिडॉरमध्ये होते, पण एकत्र नव्हते. आप्पा जिन्याजवळच्या बाकावर बसले होते, काठी दोन गुडघ्यांत धरून. त्यांच्या शेजारी धाकटी सून. मधला भाऊ पार दुसऱ्या टोकाला, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ, भिंतीला पाठ लावून उकिडवा. त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत रक्ताने कडक झाल्या होत्या आणि त्या दुमडायचंही त्याला सुचलं नव्हतं. आत्या या दोन टोकांच्या मध्ये येरझाऱ्या घालत होती. काचेच्या कारखान्याच्या वाटणीवरून भांडण झालं तेव्हाही घराची अशीच दोन टोकं झाली होती. तेव्हा धाकटी मधल्याच्या बाजूला बसली होती, एवढाच फरक.

"आलीस बाई," आत्या म्हणाली आणि ताईचा हात घट्ट धरून तिला खिडकीकडे घेऊन गेली. "आधी माझं ऐक, मग तिकडे जा. तिकडे गेलीस की तुला फक्त ओरडणं ऐकू येईल."

"फोनवर नीट कळलं नाही. काच लागली एवढंच कळलं."

"लागली कसली, घुसली. सकाळी दोघं भाऊ मोठी काच लाकडी घोडीवरून उतरवत होते. माणसापेक्षा उंच. खालचा कोपरा कुठेतरी आधीच दुखावलेला असणार. टेकवायला गेले आणि फुटली. आपला धाकटा, भिंगरी, वाकलेला होता, वरचा तुकडा सरळ पाठीत. भाल्यासारखा." आत्याने स्वतःच्या कमरेच्या जरा वर, कण्याच्या डाव्या अंगाला बोट लावून दाखवलं. "आणि मग यानं तो ओढून काढला."

"कुणी?"

आत्याने नळाकडे नुसती हनुवटी हलवली.

ताईने डोळे मिटले. ती पाठीच्या कण्याची डॉक्टर होती. दुसऱ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात, रोज हेच करत होती. घुसलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची, हलू द्यायची नाही, तशीच टेबलापर्यंत आणायची, हे ती शिकाऊ डॉक्टरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आली होती. आपल्या घरी सांगायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. घरचा धंदाच काचेचा होता, तरी.

"पाय?" तिने विचारलं.

"उजवा हलतो. डावा नाही." आत्याचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. "अगं, ज्याच्या पायाला लहानपणापासून भिंगरी, म्हणून नाव पडलं…"

"आत्या, आता रडू नकोस. मला तू लागणार आहेस."

आप्पांनी तिला येताना पाहिलं होतं. ताई समोर उभी राहिली तरी त्यांनी मान वर केली नाही. आई गेल्यापासून ते लेकीशी थेट बोलत नसत. मध्ये कुणीतरी लागायचं.

"आक्का," ते बहिणीला म्हणाले, "विचार तिला, काही खाल्लं का."

"आप्पा, मी इथेच उभी आहे."

"आक्का, तिला सांग, इथले डॉक्टर ऑपरेशन म्हणताहेत. मी नाही म्हटलंय. तिनं त्यात पडायचं नाही."

धाकटीने ताईकडे पाहिलं. डोळे सुजले होते, पण नजर चुकवलेली नव्हती. ती कापडाच्या दुकानात मापं घेणारी बाई. माणसाकडे बघितलं की त्याचा अंदाज घेण्याची तिला सवय होती. आत्ता ती ताईचा अंदाज घेत होती.

*

इथला सर्जन वयाने बराच लहान होता. दाढी वाढलेली, पायांत धावायचे बूट. ताईचं नाव ऐकल्यावर तो खुर्चीतून उठला आणि मग उठल्याबद्दल ओशाळला.

"मॅडम, तुम्ही नातेवाईक म्हणून आलात की…"

"बहीण म्हणून. दाखवा."

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. ताईने असे फोटो किती पाहिले असतील त्याला गणती नव्हती. ती एरवी कॉफी पीत, गप्पा मारत बघायची. आज तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. मणक्यांची ती करडी ओळ, तिच्या मधली पोकळी आणि त्या पोकळीत तिरकी बसलेली एक पांढरी, स्वच्छ, तीक्ष्ण रेघ. काच होती ती. त्यांच्याच कारखान्यातली.

"ओढताना टोक आत मोडलं," सर्जन म्हणाला. "हाड भक्कम आहे, कणा डगमगत नाहीये. म्हणजे सळ्या-स्क्रू काही नको. मज्जारज्जू डाव्या बाजूने निम्म्याला कापली गेलीय असं वाटतं. पूर्ण नाही. पूर्ण तुटली असती तर मी घाईच केली नसती, जखम धुऊन औषधं देत बसलो असतो. पण…"

"पण निम्मी शिल्लक आहे."

"हो. आणि दोन गोष्टी मला आवडत नाहीयेत. एक, ड्रेसिंग भिजतंय. रक्ताने नाही, पाण्याने. आवरण फाटलंय, आतलं पाणी बाहेर येतंय. हे असंच राहिलं तर जंतू आत जायला दार उघडं."

"आणि मेंदूपर्यंत जातील. दुसरी?"

"दुपारपासून उजवा पाय थकतोय. सकाळी तो माझ्या हाताला रेटत होता. आता गादीवरून उचलताना थरथरतो. काच सरकतेय, नाहीतर आजूबाजूला रक्त साचतंय."

ताईने स्क्रीनवरची ती रेघ पुन्हा बघितली.

"मी वडिलांना सांगितलं," सर्जन म्हणाला. "ते म्हणतात, एक पाय तर चालतोय ना, तोही घालवू नका."

"त्यांची बायको ऑपरेशनच्या टेबलावर गेली," ताई म्हणाली. "पित्ताशयाचं होतं. साधं. मीच आग्रह केला होता."

तरुण सर्जनने यावर जे म्हणायला हवं ते काहीच म्हटलं नाही, आणि त्याबद्दल ताईला तो माणूस आवडला.

"तुम्ही असतात तर काय केलं असतं?" त्याने विचारलं.

"तुम्ही करताय तेच. आणि आत्तापर्यंत सुरू केलं असतं."

*

कॉरिडॉरमध्ये तिने बसून बोलायचं ठरवलं होतं. उभं राहून बोललं की घरात भांडण पेटतं, हा त्यांच्या घरचा जुना नियम. ती आप्पांच्या समोरच्या बाकावर बसली.

"आप्पा, आत काच आहे. ती तिथं राहिली तर आज हलतोय तो पायही जाईल. वर ताप चढला तर जीवही जाईल. काढायलाच हवी."

आप्पांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान फिरवली. "माझ्याकडे काय बघतोस? मी काय पोस्टमन आहे? समोर बसलीय पोर, बोल तिच्याशी."

आप्पा बोलले. काठीशी बोलावं तसं, खाली बघत. "तुझी आई आत जाताना म्हणाली होती, संध्याकाळी घरी येते, भाजी निवडून ठेवा. मी निवडून ठेवली होती."

"मला माहीत आहे."

"तूच म्हणाली होतीस, घाबरू नका."

"हो. मीच म्हणाले होते." ताईचा आवाज सरळ होता. "आज मी तसं म्हणत नाहीये. आज घाबरायचंच आहे. पण न करण्याला जास्त घाबरा."

"पाठीत सुरी घातलेला माणूस पुन्हा उभा राहिलेला मी पाहिला नाही."

"मी पाहिलेत. आणि न उठलेलेही पाहिलेत. दोन्ही खरं सांगतेय."

"मग एक पाय आहे तेवढा देवाने ठेवलाय म्हणायचं आणि गप बसायचं!" आप्पांचा आवाज चढला आणि चढलेल्या आवाजाला वाट हवी होती, ती त्यांना नळाजवळ सापडली. "हे सगळं त्याच्यामुळे! वेगळं व्हायचंय ना त्याला? वेगळा धंदा मांडायचाय! घाईत काच उतरवली, घाईत उपसली. भावाच्या पाठीतली काच अशी ओढतात? खिळा होता तो भिंतीतला? हाताने माझं पोर लुळं केलं यानं!"

मधला उठला नाही. मान खाली घातली, एवढंच. कॉरिडॉरमधून जाणारी दोन अनोळखी माणसं थबकून त्याच्याकडे बघून गेली.

"आप्पा," ताई म्हणाली, "आम्ही लहान असताना काच लागली की काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं?"

आप्पांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"लागली की आधी काढायची, मग नळाखाली धरायची, मग रडायचं. कारखान्यातला नवा माणूस आला की पहिल्या दिवशी तुम्ही हेच सांगायचात. बोटाला ते बरोबर आहे. पाठीला नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. मला माहीत होतं आणि मी कधी सांगितलं नाही. आता यातलं कुणाला फासावर द्यायचं ते ठरवत बसायला वेळ नाहीये."

आत्या मधल्याजवळ जाऊन उभी राहिली. काही न बोलता तिने त्याची एक बाही दुमडायला सुरुवात केली. रक्ताने चिकटलेलं कापड सुटताना चरचर वाजत होतं.

"मी भिंगरीला भेटून येते," ताई उठत म्हणाली. "तुम्ही सगळे त्याच्या पाठीचं ठरवताय. त्याला कुणी विचारलंय?"

कुणीच विचारलं नव्हतं. धाकटीने तोंडावर हात ठेवला.

*

त्याला कुशीवर झोपवलं होतं, पाठीमागे आणि गुडघ्यांमध्ये उशा. चेहरा मेणासारखा, पण डोळे टक्क उघडे. ताईला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"आली का आमच्या घरची कसाईण."

"आले. आधी पाय दाखव. उजव्या पायाची बोटं वर कर."

बोटं हलली. कशीबशी.

"आता टाच सरकव माझ्याकडे. जोर लाव."

टाच थोडी सरकली आणि थांबली. त्याच्या कपाळावर घाम आला. "सकाळी जमत होतं गं," तो म्हणाला. "खरंच जमत होतं. आता कुणीतरी पायावर वाळूची पोती टाकतंय असं वाटतं. एकेक."

ताई स्टूल ओढून त्याच्या तोंडासमोर बसली, म्हणजे त्याला मान वळवावी लागू नये. आणि तिने सगळं सांगितलं. काचेचं टोक, फाटलेलं आवरण, डावा पाय, उजवा पाय. ऑपरेशनने काय मिळेल, काय मिळणार नाही. तिच्या बोलण्याला घरात सगळे भीत. ती सत्याला कधी साखर लावत नसे. भावाने सगळं ऐकून घेतलं.

"डावा परत येईल?"

"काच काढल्यानं डावा येणार नाही. पुढे आपोआप थोडा आला तर आला. काच काढायची ती उजवा वाचवायला. आणि तुला वाचवायला."

"तू करशील?"

"नाही."

"का? भाव खातेस?"

"माझा हात तुझ्या पाठीवर स्थिर राहणार नाही. तिथे केसाएवढी चूकही चालत नाही. हा पोरगा चांगला आहे, मी त्याला दहा प्रश्न विचारून बघितले."

"बूट बघितलेस का त्याचे? धावायचे आहेत. ऑपरेशन टाकून पळाला तर?" तो हसला आणि हसण्याने कळ आली म्हणून थांबला. मग हळूच म्हणाला, "ताई, दादाला कुणी काही बोललं का?"

ताईने त्याची चादर वर ओढली.

"म्हणजे बोलले. आप्पा बोलले." त्याने डोळे मिटले. "मीच ओरडलो होतो त्याला. काढ, काढ, काढ. तो नाही म्हणत होता. मी त्याच्या नावाने शिव्या घातल्या तेव्हा त्यानं ओढली. हे बाहेर जाऊन सांग. आधी हे सांग, मग माझं ऑपरेशन."

"दोन्ही सांगते."

"आणि हो म्हणून सांग. माझी पाठ आहे."

ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला. केसांत काचेची बारीक चुरी होती. ती बोटांना टोचली. तिने ती एकेक करून वेचली, नॅपकिनमध्ये ठेवली आणि बाहेर आली.

*

बाहेर तिने दोन्ही सांगितलं, त्याने सांगितलेल्या क्रमाने. मधल्याने पहिल्यांदा मान वर केली, पण आप्पांकडे बघितलं नाही.

"औषधांच्या गुंगीत बोलतोय तो," आप्पा म्हणाले. "भावाला सांभाळून घेतोय. लहानपणापासून तसाच. आणि ऑपरेशनला हो म्हणायला त्याला काय कळतं?"

तेव्हा धाकटी उठली. दिवसभर ती आप्पांच्या शेजारी बसून होती, त्यांच्या 'नाही'ला तिच्या गप्प बसण्याचा टेकू होता. तो टेकू तिने काढून घेतला.

"आप्पा, त्याला कळतं. चौतीस वर्षांचा आहे तो."

"म्हणजे तू माझ्या शब्दाबाहेर जाणार."

"तुमचा मुलगा आहे, मान्य. पण त्याला कुशीवर वळवायला, उचलायला, त्याचं हवं-नको बघायला जन्मभर मी असणार आहे. एका पायाचा नवरा मला चालेल. आज निदान एक पाय तरी राखू द्या मला." तिने मधल्याकडे हात केला. "आणि दादांना यापुढे बोलू नका. ते नसते तर त्याला हॉस्पिटलात आणलं कोणी असतं? तुम्ही तर हातपाय गाळून दारात बसकण मारली होती."

हे खरं होतं आणि कुणी बोललं नव्हतं. आप्पांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. आत्याने, जी दिवसभर भावाला टोचत होती, तिने आता धाकटीला दटावलं. "पुरे गं. तोही बाप आहे." आणि ती जाऊन आप्पांच्या शेजारच्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या जागेवर बसली.

*

भिंगरीला आत नेलं होतं. ताईला वाट बघता येत नसे. वाट बघायची ती नातेवाइकांनी. ती स्वतः नेहमी दाराच्या आत असायची. आत वेळ कसा जातो हे तिला ठाऊक होतं. त्वचा, स्नायू, मणक्याची मागची कमान कुरतडून काढणं, मग सूक्ष्मदर्शक पुढे ओढणं, मग श्वासही जपून घ्यावा लागतो असा तो भाग. आता आवरण उघडलं असेल. आता पाण्याची धार आली असेल. ती मनातल्या मनात त्या सर्जनबरोबर ऑपरेशन करत होती आणि प्रत्येक पायरीवर काय काय बिघडू शकतं हे तिला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. बाकीचे नुसते घाबरले होते. तिच्याजवळ भीतीची सगळी नावं होती.

"आत काय करताहेत?" धाकटीने विचारलं.

"शिवताहेत बहुतेक."

"काय शिवताहेत?"

"मज्जारज्जूभोवती एक पातळ पडदा असतो. त्यात पाणी असतं. तो फाटलाय. पाणी बाहेर येणार नाही असा घट्ट शिवावा लागतो."

"कापड कसलं असतं त्याचं?" धाकटी म्हणाली, आणि आपण काय विचारलं हे कळून तिला हसू आलं. तिचं त्या दिवसातलं ते एकच हसू, आणि ते लगेच रडण्यात गेलं. ताईने तिला जवळ घेतलं. वाटणीच्या भांडणापासून दोघी एकमेकींशी बोलल्याही नव्हत्या.

खिडकीबाहेर अंधार पडला होता तेव्हा सर्जन आला. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "काच पूर्ण निघाली. आवरण शिवलंय. शुद्धीवर आलाय आणि उजव्या पायाने रेटतोय, सकाळसारखा." आप्पा उठून उभे राहिले, काठी न धरता, आणि परत बसले. सर्जनने ताईला जरा बाजूला येण्याची खूण केली.

"मॅडम, तुमच्यापासून लपवत नाही. आत दोन कापलेल्या जागा होत्या. एक आत जातानाची, खोल. दुसरी तिच्या शेजारी, उथळ, मागे ओढल्याच्या दिशेनं."

"दुसरीनं किती गेलं?"

"कुणालाच सांगता येणार नाही. पहिली एकटी असती तरी डावा पाय बहुतेक गेलाच असता. बहुतेक."

त्या 'बहुतेक'चं ओझं उचलून ताई वळली तर मागे मधला उभा. त्याने किती ऐकलं होतं कळायला मार्ग नव्हता. त्याने तिला पाण्याच्या नळाकडे नेलं.

"खरं सांग," तो म्हणाला. "ओढल्यामुळे झालं ना?"

ताईला खोटं बोलायची संधी होती. तिने तो विचार मनात येऊ दिला, आणि त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर सोडून दिला. तिने आत्ता गोड सांगितलं असतं तर त्याने आयुष्यभर तिच्या गोड बोलण्यावर संशय घेतला असता.

"काही भाग. किती ते माहीत नाही. जास्त झालं ते आत जाताना."

मधल्याने मान हलवली. एकदा, दोनदा. नळ सोडला, हाताची ओंजळ भरली आणि तोंडावर मारली. "बरं झालं," तो म्हणाला. "नुसतं नाही म्हणाली असतीस तर झोप लागली नसती."

"आता लागेल?"

"नाही. पण का लागत नाही ते कळेल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने त्यांना वळवणं शिकवलं. धाकटीला, आत्याला, आणि कुणी न बोलावता येऊन उभ्या राहिलेल्या मधल्याला. खांदा आणि कंबर एकाच वेळी फिरली पाहिजे, ओंडका लोटावा तशी. मध्ये पीळ पडता कामा नये. एकाच अंगावर फार वेळ पडला तर कातडी सडते आणि त्या जखमा कण्याच्या जखमेपेक्षा वाईट, असं नर्स म्हणाली. मधल्याचे हात जड काचा धरणारे होते. त्याने भावाला वळवलं तेव्हा उशीही हलली नाही. "हे हात कुठून आणलेत?" नर्स म्हणाली आणि सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

आप्पा दारात येऊन थांबले होते, आत येत नव्हते. आत्याने बाहेर जाऊन त्यांचा दंड धरला आणि जिन्याजवळच्या बाकावर नेऊन बसवलं. त्यांना औषध द्यायला धाकटी मागोमाग गेली. खोलीत तिघं भावंडं उरली.

मधल्याने नर्सच्या सांगण्यावरून नुकतेच हात धुतले होते. चादर नीट करताना त्याने दोन्ही पोटऱ्यांखाली हात घातले, पाय सरळ ठेवायला.

"आईगं, केवढे गार हात तुझे, दादा," धाकटा म्हणाला.

मधला तसाच थांबला. "कुठे?"

"डाव्या पायाला. काढ ना."

"डाव्या? आणि उजव्याला?"

"उजव्याला हात कळतोय, गार नाही."

मधल्याने ताईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की ताईला बघवेना. "डाव्याला कळलं," तो म्हणाला. "ताई, डाव्या पायाला गार कळलं! मेलेला पाय आहे म्हणत होते ना? मेला नाहीये तो! आप्पा… थांब, आप्पांना सांगून येतो." आणि तो गेलाच, दार उघडं टाकून.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. धाकट्याने तिच्याकडे बघितलं.

"ताई, याचा अर्थ पाय हलेल असा नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली. "गार-गरम कळवणारी वाट वेगळी, पाय हलवणारी वेगळी. डाव्या पायाची गारठ्याची वाट कण्याच्या उजव्या अंगाने जाते. ती कापलीच नव्हती. म्हणून हलतो त्याला गार कळत नाही आणि हलत नाही त्याला कळतं."

"म्हणजे काच घुसल्यापासून असंच होतं."

"असंच. काल तपासायला मला सुचलं नाही."

त्याने छताकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. हात उचलून पुसायची ताकद होती, पण त्याने ते पुसलं नाही. कॉरिडॉरच्या टोकाकडून मधल्याचा आवाज येत होता. तो आप्पांना सांगत होता, धाकटीला सांगत होता, आत्याला परत परत सांगत होता, हात धुतले होते मी, गार पाण्यानं, आणि तो ओरडला, डाव्या पायाला, खरंच. मध्येच आप्पांचा आवाज आला, घोगरा, थेट मधल्याला उद्देशून: "परत सांग. काय म्हणाला तो?"

"ताई."

"काय रे?"

"आजचा दिवस तरी सांगू नकोस त्यांना."

ताईने उघड्या दाराकडे पाहिलं. मग ती उठली, दार नुसतं लोटून घेतलं आणि परत त्याच्याजवळ येऊन बसली. बाहेर मधला तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला होता. दोघं ऐकत राहिली.